मेकॅनिकच्या गाडीचा धूर

पप्पा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि तुमची मोटारसायकल अजून काळा धूर ओकते. आई मला दर आठवड्याला ती सुरू करून ठेवायला लावते, बिल्डिंगवाले खिडक्या लावून घेतात, आणि शेवटी कंटाळून मी शहाडच्या भंगारवाल्याला रविवारी बोलावलंय. त्याआधी एकदाच बघायचं होतं, की मानपाड्याला पंचवीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्या माणसाला स्वतःची गाडी कशी काय नीट करता आली नाही. खरं सांगते, तुमची लाज काढायलाच बसलेले मी. कॉलेजला सोडायला यायचात तेव्हा मागे हा धुराचा लोट! मुली नाक दाबून हसायच्या, "अगं, तुझे पप्पा मेकॅनिक आहेत ना?" मी कॉलेजच्या अलीकडे, कोपरच्या पुलाशीच उतरायला लागले. का, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. विचारणार काय, गिऱ्हाईक सोडून कुणाशी धड बोलायची अक्कल तुम्हाला होती कुठे?

माझ्याशी बोललात ते एकदाच, खंडेनवमीला. पान्हे, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर सगळं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलेलं, आणि तुम्ही नारळ आणायला गेलेलात. मी सतरा वर्षांची, अतिशहाणी. तुमच्या गाडीला सकाळी पाच-सहा किक लागायच्या आणि तुमचा गुडघा दुखायचा, म्हटलं आपणच बघू. पाटावरचा स्क्रू ड्रायव्हर उचलला, कार्बोरेटर उघडला, पेट्रोल थोडं वाढवलं. अर्ध्या किकमध्ये गाडी सुरू! तेवढ्यात तुम्ही येता, माझ्या बोटांवरचं कुंकू बघता आणि गॅरेजसमोरच्या अख्ख्या चाळीदेखत खेकसता, "हत्यारांना आज हात लावायचा नसतो, एवढंही कळत नाही?" गाडीबद्दल चकार शब्द नाही. माझं काम तुम्ही रात्रीतून काढून टाकलं असणार हे मी धरूनच चालले. दुसऱ्याचा हात लागलेलं तुम्ही कधी काय ठेवलंत? त्यानंतर मी तुमच्या गॅरेजची पायरी चढले नाही.

आता ठाण्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दिवसाला वीस गाड्या तपासते मी, तुमची काय चीज. आज दुपारी खाली बसले. प्लग काढला, तर त्यावर कोरडी काजळी. म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. फिल्टर तुंबला असणार, कंजूष माणूस, कधी बदलला असेल? उघडला तर स्वच्छ. चोक पूर्ण बंद होतोय, पेट्रोलची पातळी धरणारा फ्लोटही बरोबर. मग पेट्रोल सोडणारी सुई बाहेर काढली. तिची क्लिप सगळ्यात खालच्या खाचेत होती. क्लिप जितकी खाली, तितकी सुई वर आणि तितकं पेट्रोल जास्त. ही खाच माझी. त्या खंडेनवमीची.

आणि सुई त्या दिवशीची नाही हो, पप्पा, नंतर घातलेली. झाकणाची गॅस्केटही बदललेली. म्हणजे तुम्ही हे उघडलेलंत, जुनी सुई काढलीत, नवी घातलीत, आणि क्लिप बघून बघून मी लावलेली तिथंच लावलीत. ते चूक आहे हे न कळण्याइतके अडाणी तुम्ही नव्हतात. इतकी वर्षं जगाला हसू दिलंत, मलाही हसू दिलंत. कसला हा मूर्खपणा? "पोरी, एक खाच वर घे," एवढंच म्हणायचं होतंत, तर जीभ झडली असती का? आधी तुमचा संताप आला, मग माझा, आणि मग प्लग पुसायचं फडकं तोंडावर धरून मी तिथंच बसून राहिले.

क्लिप एक खाच वर घेतली. धूर गेला, किक मात्र पाच लागल्या. भंगारवाल्याला फोन करून येऊ नको म्हटलं. आईने वरून विचारलं, "काय झालेलं गं गाडीला?"

मी म्हटलं, "काही नाही, पप्पांनी फिल्टरच बदलला नव्हता."

"कंजूषच होते ते," आई म्हणाली. मी हो म्हटलं.