मेण आधी की सीलंट आधी

ती. नोएलीनवन्सं यांना बेरिलचा नमस्कार, आणि तुमच्या गुडघ्याची वेगळी विचारपूस. टूवुम्बाची थंडी त्याला मानवत नसणार. गरम पिशवीने शेकत जा. इकडे होम हिलला उसाचा हंगाम चालू आहे, वाळत घातलेल्या चादरींवर राख पडते आहे, म्हणजे सगळं नेहमीसारखं. तुमचे बंधुराज तेवढे ताळ्यावर नाहीत.

साखर कारखान्यातून निवृत्त झालेली माणसं मासे पकडत बसतात. मर्व्हने गाडी घेतली. जुनीच, पण गडद निळी (या रंगावर माशीचं पाऊलसुद्धा उठून दिसतं, पण आमचं ऐकतो कोण?). मग तिला चकाकी आणायचं खूळ डोक्यात शिरलं. शेजारचा ऊसवाला आल्डो म्हणाला, नुसतं मेण लाव, बाकी सगळी थेरं. यांनी मेण लावलं. मग कुठेतरी वाचलं की सीलंट, म्हणजे रंगावर चढवायचा तो रासायनिक थर, जास्त टिकतं, म्हणून मेणावर सीलंट चढवलं. ते काही धरेना. बॉनेटवर पांढुरके ओघळ उठले, जणू कुणी पिठाच्या हाताने गाडी थोपटली आहे. दुकानदाराने यांना झापलं की सीलंट उघड्या रंगाला धरतं, मेणाला नाही. आधी सीलंट, ते वाळलं की वर मेण. म्हणजे केलेलं सगळं पुन्हा उतरवा! त्यात माझा भांडी घासायचा साबण संपला, पाहुण्यांसाठी ठेवलेले टॉवेल गेले, आणि जेवायला हाक मारली की शेडमधून उत्तर यायचं, 'थर बसतोय!' (संसारात माझा कधी थर बसला का, हे या माणसाने विचारलेलं नाही.)

शेवटी परवा दुपारी उघड्या रंगावर सीलंट लागलं. आता दिवसभर कुणी श्वाससुद्धा सोडायचा नाही, अशी ताकीद मिळाली. आणि तेवढ्यात टाउन्सव्हिलहून जावयाचा, ग्रेडीचा फोन. टॅमसिनला कळा सुरू झाल्या होत्या, दिवस भरायच्या कितीतरी आधी. मी पर्स घेऊन शेडमध्ये धावले.

"अहो, चला! टॅमसिनला दवाखान्यात नेलंय."

"अगं, पण हे अजून ओलं आहे. आल्डोचा ट्रक मागू या का?"

"आल्डो शेतात तोडणीआधीचा ऊस पेटवतोय. तुम्ही येताय, की मी एकटी जाऊ?"

मी किल्ली घेऊन चालवायलाच बसले, तेव्हा कुठे स्वारी शेजारी येऊन बसली. शेडबाहेर पडलो आणि वन्सं, आल्डोच्या शेताची राख! काळी पिसं भुरुभुरु खाली येत होती आणि ओल्या बॉनेटवर अशी बसत होती, जशी काही आमंत्रण देऊन बोलावली आहेत. पुढे हमरस्त्यावर किड्यांचे थवे. किड्यागणिक तुमचे बंधू कण्हत होते. मी म्हटलं, कळा पोरीला येतायत, तुम्हाला नाही. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "बेरिल, जरा जोरात घे ना." तेव्हा कळलं, हा माणूस गाडीसाठी कण्हतच नव्हता.

नात झाली. बारकीशी आहे, काचेच्या पेटीत आहे, पण रडते खणखणीत. नर्सने यांना दोनदा हात धुवायला पाठवलं (सीलंटचा वास). पेटीच्या भोकातून एक बोट आत घालून तिच्या टाळूला लावलं आणि डोळे पुसत म्हणाले, "अगं, काय फिनिश आहे!" मी कपाळावर हात मारला, पण रडलेही.

तुमची,
बेरिल

ता. क. खरं काम हे. मला टॅमसिनजवळ राहायचं आहे, आणि हे तिथे आले तर पेटीची काच पुसत बसतील. तुमच्या गाडीचा रंग उडतोय असं यांना फोनवर सांगा आणि तिकडे बोलावून घ्या. बाकी काही सांगावं लागणार नाही.

ता. क. दुसरं. तुमच्याकडे आल्यावर हे घाई करतील. सीलंट पुरतं वाळल्याशिवाय मेणाचा डबा उघडू देऊ नका, आणि मेण पातळच लावायचं. काल घरी परतल्यावर, हे झोपले असताना, डाव्या दरवाजाला मेण मी स्वतः लावलं. त्यावर पाण्याचे थेंब यांच्या उजव्या दरवाजापेक्षा गोल उभे राहतात (चांगल्या मेणाची हीच खूण). यांना सांगू नका.