चेहऱ्यावरचा चौकोन

शनिवार, ३ ऑक्टोबर
काल तांता शहरात सासरी आले. तिसरा मजला, हवेशीर खोल्या, बाल्कनीत ऊन. चौतिसाव्या वर्षी लग्न जमलं म्हणून आई येणाऱ्याजाणाऱ्याला देव पावल्याचं सांगत होती. मिदहत शांत माणूस आहे, शाळेत भूगोल शिकवतो. सासूबाईंना सगळे हज्जा म्हणतात. त्यांनी मला बदकाची तंगडी वाढली आणि म्हणाल्या, घरातला कॉम्प्युटर बिघडलाय, आता तूच त्याची डॉक्टर. अकरा वर्षं दुरुस्तीच्या दुकानात काढली आहेत मी. म्हटलं, एवढंच ना, दोन दिवसांत करते.

सोमवार, ५ ऑक्टोबर
बिघाड असा: मिदहतची पहिली बायको शाहिनाज तीन वर्षांपूर्वी वारली. तिचे सगळे फोटो याच कॉम्प्युटरवर आहेत आणि प्रत्येक फोटोत तिच्या तोंडावर काळा चौकोन दिसतो. बाकी चित्र स्वच्छ.

माझी पद्धत ठरलेली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची. केबल बदलली, फरक नाही. फोटो पडद्याच्या कोपऱ्यात सरकवला, तर चौकोनही तिच्या तोंडाबरोबर सरकला. म्हणजे मॉनिटर निर्दोष.

हज्जा मागे खुर्ची टाकून बसल्या होत्या. म्हणाल्या, शाहिनाजला हसताना खळी पडायची, पोरी, मिदहतला तेवढी एकदा बघायचीय. मलाही पडते खळी. आठवडाभरात या घरात हसण्यासारखं काही झालं तर कोणाला दिसेलही.

बुधवार, ७ ऑक्टोबर
व्हिडिओ कार्ड बदललं, ड्रायव्हर नवा घातला. चौकोन जागच्या जागी. मग फोटो पेनड्राइव्हवर घालून आमच्या दुकानातल्या मुख्य कारागिरांना, उस्ता रिफअतना पाठवला. त्यांचा फोन आला. इनास, म्हणाले, सासरी जाऊन डोळे गेले का तुझे? बाई लख्ख दिसतेय, गालावर खळीसुद्धा आहे.

म्हणजे फोटोही चांगला. इतके दिवस रोग रेड्याला आणि औषध पखालीला चाललं होतं. गिऱ्हाइकाला जे सगळ्यात आधी विचारायचं, ते मी हज्जांना आज विचारलं: कधीपासून? आधी कधीमधी यायचा, म्हणाल्या. मग बोटं मोजत आठवलं त्यांनी. तू घर बघायला आलीस तेव्हा. आणि पडदे टांगायला आलीस तेव्हा.

शुक्रवार, ९ ऑक्टोबर
मशीन झालं, आता माणसं. एका वेळी एकच बाहेर काढायचं. मिदहत जुम्म्याच्या नमाजाला गेला: चौकोन आहे. हज्जा शेजारी गेल्या: आहे. शेवटी मीच पाव आणायला खाली उतरले.

परत येताना जिन्यात हसण्याचा आवाज आला. माझ्या नवऱ्याचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. दार उघडलं तशी दोघं गप्प झाली. पडद्यावर चौकोन होता आणि मिदहतचे डोळे ओले होते.

सोमवार, १२ ऑक्टोबर
तेव्हापासून मला सारखं बाहेर पाठवतात. पाव, कोथिंबीर, पुन्हा पाव. घरात पाव ठेवायला जागा उरलेली नाही. सावकाश ये हो, पोरी, घाई नाही, असं हज्जा जिन्यापर्यंत येऊन सांगतात. चाचणी मीच शिकवली, हात दाखवून अवलक्षण. यांना बायको नकोच होती, कारागीर हवी होती. आज मिदहत जमिनीकडे बघत म्हणाला की चार दिवस माहेरी राहून ये. मी बॅग भरली. त्याला माझा राग आला असता तरी मला चाललं असतं.

रविवार, १८ ऑक्टोबर
परत आले. सलाम केला, कोणी उत्तर दिलं नाही. भिंतीवर आमच्या लग्नाचा फोटो आहे. कागदावरचा. त्याला केबल नाही, कार्ड नाही. माझ्या तोंडावर काळा चौकोन.

बिघाड गेलेला नाही, त्याने जागा बदललीय.

स्वयंपाकघरात कोणीतरी मुलुखियाच्या पालेभाजीत लसणाची फोडणी ओतली आणि रीतीप्रमाणे मोठ्याने श्वास आत ओढला. तसं केल्याशिवाय मुलुखिया जमत नाही म्हणतात. हज्जा माझ्यासमोर सोफ्यावर बसल्या होत्या. मिदहत त्यांच्या शेजारी. मग आत—

सोमवार
जेवायला तीन ताटं मांडली. हज्जा, मिदहत आणि— मला नाही. मिदहत तिसऱ्या खुर्चीकडे बघून हसत होता. आरशाकडे मी जात नाही. भीती वाटते, त्याहून जास्त चीड येते— मी काय वाईट केलं होतं यांचं—

मंगळवार
त्याच्या तोंडासमोर उभी राहिले. विचारलं, मी तुझी बायको ना? त्याने डोळे चोळले. हज्जांना म्हणाला, आई, इथे टेबलाजवळ हवेतच काळं काहीतरी दिसतंय, चौकोनी. त्या म्हणाल्या, पुसून बघ.

फडकं ओलं करून आणलंय त्याने. मी टेबलाशीच बसलेय, लिहितेय. मिदहत, मी इनास— ऐकत नाही— कपाळावर गार लागतंय— भुवई— जोरात घासतोय— एक डोळा—

जातंय, म्हणतोय आईला. आई, जातंय बघ, स्वच्छ हो—