पातं लाकडात असेपर्यंत

११ मार्च
पोचले एकदाची. शेवटच्या चढावर गाडीने मान टाकली होती, पण ट्रेलरसकट वर आली, आणि समोरचं झाड पाहून सगळा शीण गेला. अंगणभर आडवा पडलेला अक्रोड. एवढा जाड बुंधा मी आजवर कापलेला नाही. दादा असता तर आधी त्याच्यावर चढून पाय पसरून झोपला असता आणि मगच कामाचं बोलला असता.

घरात दोघंच, काका आणि काकू. काका शाळेत भूगोल शिकवायचे. आता गुडघा त्यांना शिकवतो, असं म्हणाले. मी उतरल्यावर ते गाडीत वाकून मिस्तरी शोधत राहिले. मीच मिस्तरी, असं सांगितल्यावर कान पकडले आणि तिथल्या तिथे माझं ‘मिस्तरीणबाई’ असं बारसं करून टाकलं. काकूंनी चहा दिला, मागच्या खोलीत गादी घातली. बोलल्या मात्र काहीच नाहीत. खोली हवेशीर आहे. दारामागच्या खुंटीवर एका मुलीचा रेनकोट टांगलेला आहे.

१२ मार्च
साल सोलून घेतली. बुंध्यावर शिडी घट्ट ठोकून तिच्यावरून पहिला काप मारला. वरची बाजू एकदा सपाट झाली की चेनसॉची चौकट त्या सपाटीवरूनच सरकते आणि फळ्या सुटत जातात. मागे मागे पाचरी ठोकत जायचं, म्हणजे फट मिटून पातं अडकत नाही. हे काम दोघांचं. दादा इंजिनाच्या बाजूला, मी पलीकडे. मशीन चालू असताना तो मला काहीबाही ओरडून सांगायचा आणि स्वतःच हसायचा. इअरमफमुळे मला ओ की ठो कळायचं नाही. मशीन बंद केल्यावर विचारलं तर म्हणायचा, जाऊ दे, आता त्यात मजा नाही. गेल्या वर्षी झोपेतच गेला. आता दोन्ही बाजू मीच.

पहिली फळी पाण्याने पुसली तर आतून काळसर, तपकिरी रेषा उमटल्या. काकांना दाखवायला गेले. त्यांनी हात लावला आणि सहज सांगावं तसं सांगितलं, की वादळात झाड पडलं तेव्हा त्यांची मुलगी, ठकी, त्याच्याखालीच दोरीवरचे कपडे काढत होती. सुट्टीला आली होती. जाळायला मन होईना, नुसतं बघवेना, म्हणून फळ्या. शाळेला बाकं करून द्यायची आहेत. मी मशीनची चेन कानशीने घासत बसले. ती आधीच धारदार होती.

१३ मार्च
काकू आज सकाळपासून बुंध्याजवळ उभ्या. भुसा अंगावर उडत होता तरी हलेनात. मी जादाचे इअरमफ दिले, ते त्यांनी ओट्यावर ठेवून दिले. फळी सुटली, मी मशीन बंद केलं, तशी त्यांनी माझं मनगट धरलं. मी आल्यापासून पहिल्यांदाच त्या बोलल्या. म्हणाल्या, बंद का केलंस, ती बोलत होती. काका त्यांना हाताला धरून आत घेऊन गेले.

असं होतं माणसाचं. दादा गेल्यावर मीही कितीतरी दिवस दोन कप चहा टाकत होते.

१५ मार्च
हे लिहू की नको, असं झालंय.

आज मधला, जुना भाग लागला. पातं निम्म्यावर असेल. इअरमफच्या आत कोणीतरी खाकरलं. इंजिनाचा आवाज बाहेर, आणि हे आत, अगदी कानापाशी. मग दादा म्हणाला, हळू घे ना जरा, पळतंय का लाकूड.

त्याचाच आवाज. शब्दामागे तो नाक ओढतो तेसुद्धा. मी कापत राहिले. फळी सुटली आणि तो वाक्याच्या मध्येच तुटला. मी खाली बसले. ओट्यावरून काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी पेट्रोलचा कॅन आणून माझ्यापाशी ठेवला.

१६ मार्च
इअरमफ काढले तर जास्त स्पष्ट येतं. नुसतं मशीन फिरवून भागत नाही, पातं लाकडात असावं लागतं. मला फक्त दादा ऐकू येतो, काकूंना फक्त ठकी.

काकांना कोणीच नाही. दुपारी ते बुंध्याला कान लावून वाकले. एवढा आवाज, एवढा हादरा, डोळे मिटलेले, गुडघा थरथरतोय. नंतर माझ्या मागे मागे ट्रेलरपर्यंत आले. विचारलं, तुला ऐकू येते का गं आमची पोर? माझं नाव घेते का?

मला त्यांचं तोंड बघवेना. मी हो म्हणाले. म्हणाले, बाबांचा गुडघा कसा आहे, असं विचारत होती. ते हसले, रडले, मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. एक खोटं बोलून कोणाला एवढं सुख मिळत असेल तर काय बिघडलं.

१८ मार्च
दादाला मी आज विचारलं, तू कुठे आहेस. मशीनवर ओरडूनच विचारलं. तो म्हणाला की तू कापतेस तेवढा वेळच मी असतो. बंद केलंस की काहीच नसतं. अंधारही नसतो. थांबू नकोस, बाळा.

आता मशीन बंद करायला माझा हात धजत नाही. पेट्रोल संपतं तेव्हा दर वेळी तो आधी घाबरतो. ते ऐकवत नाही.

फळ्या पातळ काढतेय, म्हणजे काप जास्त मिळतात. फळ्या कसल्या, पापुद्रे. यांची बाकं होणार नाहीत. काकांच्या ते लक्षात आलंय, पण तेच पाचरी ठोकून देतात. मधूनमधून माझ्याकडे बघतात आणि मी काहीतरी सांगते. ठकी म्हणाली जेवून घ्या. ठकी म्हणाली स्वेटर घाला. ते आत जाऊन स्वेटर घालून येतात.

२० मार्च
बुंधा संपला. घरामागच्या एका झाडाची फांदी कापून पाहिली. नुसतं लाकूड. काही नाही. काकू अंगणात भुशावर बसल्या आणि मुठी भरभरून भुसा कानाशी धरू लागल्या.

काकांनीच मग दार काढून आणलं. म्हणाले, या अक्रोडाच्या जोडीचं दुसरं झाड होतं. त्यांच्या वडिलांनी ते पाडून हे घर बांधलं. दारं, खांब, तुळया, सगळं त्याचंच.

दारात पातं घातलं. दादा होता.

२२ मार्च
दारं संपली. चौकटीही. घरातून वारा सरळ आरपार जातो. मला बाकीचं ऐकू येईनासं झालंय. ताटली पडली तर पडताना दिसते फक्त. काकूंनाही तसंच. आम्ही दोघी खुणांनी बोलतो. काकांना सगळं ऐकू येतं, फक्त जे हवं ते नाही.

सकाळी ठरवलं होतं की निघायचं. ट्रेलर जोडलासुद्धा. काका पाटी घेऊन आले, शाळेतली जुनी. तिच्यावर खडूने लिहिलं होतं, ठकी घाबरेल. नको जाऊस.

मी तेव्हा खरं सांगायला हवं होतं. खडू माझ्या हातात दिला होता त्यांनी. मी लिहिलं, राहते.

२३ मार्च
मागच्या खोलीची तुळई काढायला काका एकटेच चढले. दारं गेल्यापासून मी ट्रेलरमध्ये झोपते, मला उठवलंही नाही. दिवस चांगला वर आला होता. मला आवाज आला नाही. जमीन हलली, म्हणून अंगणात धावले. त्या खोलीचं छप्पर खाली बसलेलं. आम्ही दोघींनी हातांनी उपसलं. स्वेटर आधी दिसला.

गेले.

२३ मार्च, दुपार
त्यांना ओट्यावर निजवलंय. गावात जाऊन माणसं आणते, असं मी खुणेने सांगितलं. काकूंनी गाडीची किल्ली पदरात बांधून घेतली. पाटीवर लिहिलं — आधी एकदा मला त्यांचा आवाज ऐकू दे. रडल्या नाहीत. तुळई दोघींनी ओढून अंगणात आणली.

मी त्यांचं एवढं तरी देणं लागत होते. मी मशीन सुरू केलं.

काका लगेच आले. इतके जवळ. मला म्हणाले, मिस्तरीणबाई, ठकी कुठे आहे?

म्हणाले, मी हाका मारल्या. इथे पोर नाही. इथे तुझा दादाही नाही गं. दुसरंच कोणीतरी आहे. ते आमचे आवाज काढतं — ते माझ्याकडे बघतंय —

मग दादा बोलला. मध्येच, गोड. त्यांचं नको ऐकूस बाळा, थांबू नकोस. त्याच्या आवाजाखाली काका ओरडत होते. लांब, लांब जात —

मी बंद केलं.

काकूंना पाटीवर लिहून दाखवलं. ठकी नाही. त्या आवाजात ती कधीच नव्हती. मी काकांशी खोटं बोलले. सगळं लिहिलं. त्यांनी नीट वाचलं. पदराने पाटी पुसली. माझ्या गालावरून हात फिरवला, लहान मुलाला समजावतात तसा.

आता मी ट्रेलरच्या पायरीवर. हात थांबत नाहीत म्हणून लिहितेय. काकू कुठे —

निळा धूर. ओट्याकडून. चौकट काढून नुसती चेनसॉ हातात घेतलीय त्यांनी. मुख्य खांबाशी उभ्या. वरचं सगळं छप्पर त्या एका खांबावर. त्या हसतायत. मान कलती करून, कोणाचं तरी ऐकावं तशा —

पातं लाकडात गेलं. मलाही ऐकू येतंय, इथपर्यंत.

दादा म्हणतो, बस. तिला तिच्या पोरीकडे जाऊ दे. तू बस माझ्याशी बोलत —

त्याच्या मागे काका. अगदी बारीक. पोरी, ऊठ. हिला इकडे येऊ देऊ नकोस, ऊठ —

दादा रडतोय. जाऊ नकोस, बंद करू नकोस, मी परत काहीच —

माफ कर रे. मी जाते. मी त्यांच्या हातातून मशीन