आतल्या खोलीत हाक मारू नये

रविवार, २ नोव्हेंबर

आलो एकदाचे वालचंदनगरला. टेम्पोतून सगळ्यात आधी माझा कीबोर्ड उतरवला, मग गॅसची शेगडी. त्यावर बायकोनं, रेश्मानं, जे तोंड केलं ते बघून आमची लेक स्वराली खुदखुदली. नव्या घरातलं पहिलं हसू. बरं वाटलं.

बारामतीच्या फ्लॅटमध्ये कान किटले होते. वर जिम, मागे मंगल कार्यालय, आणि मधल्या मजल्यावर मी, घरी बसून गाणी रेकॉर्ड करणारा. ऑर्केस्ट्रात होतो तेव्हा गोंगाटावरच पोट होतं. मग लग्नवाल्यांना पेनड्राइव्ह आणि स्पीकरची दोन डबडी पुरेशी वाटू लागली आणि आम्ही वाजवणारे घरी बसलो. आता भजनी मंडळांची, शाळांची, हौशी गवयांची गाणी बांधून देतो. मेव्हणा राजवर्धन याला छंद म्हणतो. पणदऱ्यात त्याच्या गोठ्यात म्हशी आहेत, तो मात्र धंदा.

रेश्माला इथल्या एका शाळेत नोकरी लागली म्हणून आलो. घर सावळाराम तात्यांचं. ते रिटायर झालेले, घराच्या शेजारच्या अर्ध्या भागात एकटेच राहतात. आम्हाला पुढे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे एक आतली खोली. भिंती हातभर जाड, एकच खिडकी, पलीकडे ऊस. खोली पारखायची तर आत टाळी वाजवून बघतात, किती घुमते ते कळतं. इथे टाळी हातातच संपली. अशी खोली मी जन्मात पाहिली नव्हती. रेश्मा म्हणाली, हितं कोंदटल्यागत होतंय. तिला कुठेही होतं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

खोली सजली. खिडकी विटांनी बुजवून घेतली, तात्यांनी नाक मुरडलं पण हो म्हणाले. भिंतींना गोधड्या, दाराच्या खालच्या फटीत जुनी चादर. दार जरा वाकडं आहे, आतून ओढून नीट बसत नाही. बाहेरून कडी घातली की मात्र असं घट्ट बसतं की मुंगीचा श्वास आत येणार नाही. म्हणून ते काम स्वरालीचं. मी आत गेलो की तिनं कडी घालायची, मी दार वाजवलं की काढायची. नऊ वर्षांची आहे पण शिस्तीची. मोबाइलही बाहेरच्या खोलीत ठेवायचा, कारण तो जवळ असला की स्पीकरमध्ये टकटक येते.

स्वरालीनं स्वतः एक गाणं रचलंय. उसानं भरलेल्या ट्रॅक्टरवर बसून फुकटात गावोगाव फिरणाऱ्या बगळ्याचं. चाल मी लावली. डिसेंबरात शाळेच्या स्नेहसंमेलनात म्हणायचंय, त्यासाठी रेकॉर्ड करून देईन असं कबूल केलंय. आधी बाहेरची कामं उरकतो.

सोमवार, १० नोव्हेंबर

एवढं करूनही होल्याचं, त्या रानकबुतराचं, घुमणं आत येतंच. कौलावर बसतो आणि नेमका आलापात घुमतो. शेवटी कॉम्प्युटरकडून साफ केलं. सोपं असतं ते. रेकॉर्डिंगमधला गाणं नसलेला तुकडा निवडायचा, त्यात फक्त होला. हा नमुना, हा कचरा, असं कॉम्प्युटरला सांगायचं. मग तो सगळ्या गाण्यातून तेवढाच आवाज वेचून काढतो.

संध्याकाळी अंगणात होला दिसला. तारेवर बसला होता, गळा फुगवत होता, मान खाली घालत होता. आवाज नाही. म्हातारा झाला असेल.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

काल तात्यांच्या खोकल्याचा नमुना घेतला. आज सकाळी ते ओट्यावर वाकून वाकून खोकत होते, डोळ्यांत पाणी आलं, आणि मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मग सरळ उभे राहिले आणि स्वच्छ आवाजात विचारलं, चा झाला का रविराज. मी हसलो. मनात म्हटलं, असाच चमत्कार घरातल्या कुकरचा व्हावा.

तात्यांनी आणखी एक सांगितलं. मी स्वरालीवर ओरडत होतो, ती दारातून पपा पपा करत होती म्हणून. तात्या म्हणाले, त्या आतल्या खोलीत कुणी हाक मारू नये, आमच्या आईपासनं चाललंय, माणूस आत असलं तर जाऊन खांद्याला हात लावायचा आन् बोलवायचं. का, ते त्यांना माहीत नाही. आई म्हणायची, एवढंच. मला ही पद्धत फार आवडली. घरात लगेच लागू केली.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

डोकं फिरलंय. इंदापूरच्या भजनी मंडळाचे बुवा सकाळपासून आत गात होते. शेवटचा अभंग असा लागला होता की मी साथ करायचं विसरलो. आणि तेवढ्यात बाहेर या दोघींचं सुरू. वेणी घट्ट का सैल, डबा कुठाय, रिक्षा आली. मी शूऽऽ केलं, नेहमीसारखं. ऐकतंय कोण.

बुवा गेल्यावर रागाच्या भरात बसलो. दोघींच्या बोलण्याचाच लांबलचक तुकडा निवडला. हा नमुना. हा कचरा. दाबलं बटण. अभंग आरशासारखा लख्ख झाला. मूळ रेकॉर्डिंगवरच जतन केला, दुसरी प्रत ठेवली नाही. कशाला ठेवायची?

गुरुवार, २० नोव्हेंबर

दोघींनी अबोला धरलाय. मंगळवारी संध्याकाळपासून घरात चकार शब्द नाही. बरंय. रेश्मा ताट वाढते, माझ्याकडे बघते, ओठ हलवते आणि निघून जाते. नुसते ओठ हलवायचे ही नवी तऱ्हा. स्वरालीलाही शिकवलीय. मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. बघू कोण आधी बोलतं.

काम मात्र झकास होतंय.

रविवार, २३ नोव्हेंबर

अजून तसंच. स्वराली आज जेवताना रडली. तोंड उघडून, हुंदके देऊन, खांदे उडत होते. आवाज न करता कसं रडता येतं एवढ्याशा पोरीला? रेश्मानं माझ्याकडे असं बघितलं की मी ताट सरकवून उठलो.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

आज तात्यांनी मला फाटकाशी अडवलं. म्हणाले, रविराज, चार घरं सोडून ऐकू येतंय, पोरगी पपा पपा करून हाका मारतीया आन् तुमी ओ देत न्हाय, बायको बोलतीया तर भिंतीकडं बगताय, असं करू नये, आमी परकी माणसं पण बघवत न्हाय.

चार घरं सोडून ऐकू येतं.

घरात गेलो. रेश्मा स्वयंपाकघरात पाठमोरी होती. फोडणी तडतडली, झारा वाजला, नळ वाजला. ती वळून माझ्याशी बोलली. काही नाही. तिला म्हटलं की मला तुझं ऐकू येत नाहीये. ती बराच वेळ बोलत राहिली. मी तिच्या दातांकडे बघत राहिलो.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

बारामतीला कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. कान उत्तम आहेत. डॉक्टर कुजबुजले ते ऐकू आलं. बाहेर एसटीच्या कंडक्टरनं डबल बेल दिली तीही ऐकू आली. शेजारी बसून रेश्मा बोलली ते नाही.

येताना तिनं मोबाइलवर लिहून दाखवलं. सगळ्या जगाचं ऐकू येतं, फक्त आमचंच न्हाय, व्हय? त्याखाली लिहिलं होतं, तुम्हाला आमचा आवाज कधी चाललाय?

नमुन्याचं सांगितलं. होल्याचं, खोकल्याचं सांगितलं. तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी तिच्या जागी असतो तर मीही विश्वास ठेवला नसता. पण मला खूप वाईट वाटलं. भीतीही वाटली, ते इथेच लिहितो.

रविवार, ३० नोव्हेंबर

राजवर्धन गाडी घेऊन आला. दोघी पणदऱ्याला गेल्या. शाळेत तिकडूनच जाऊन येऊन करणार. तो जाताना म्हणाला की दाजी, नाटकं पुरे. त्याचं ऐकू आलं.

दिवसभर नमुने पुसत बसलो. सगळे पुसले. उपयोग नाही. स्वरालीच्या लहानपणीच्या, बारामतीतल्या वाढदिवसाचा व्हिडिओ लावला. फुगे फुटतात, लोक टाळ्या वाजवतात, राजवर्धन गातो. मध्ये माझी स्वराली, नुसतं उघडमीट तोंड.

ते बगळ्याचं गाणं मी पहिल्याच आठवड्यात रेकॉर्ड केलं असतं तर. अर्ध्या तासाचं काम होतं.

बुधवार, ३ डिसेंबर

नवे नमुने घेत नाही. तरी आवाज जातायत. परवा कुकर. काल कारखान्याचा भोंगा, सगळे घड्याळं लावतात आणि मी उभाच. आज चालताना माझ्या चपलांचा आवाज नव्हता.

इतके आवाज गेल्यावर खाली जे उरतं ते दुपारपासून ऐकू येतंय. आतल्या खोलीत. कुणीतरी श्वास धरून बसावं तसं. आणि मध्येच, हळू—

शूऽऽ.

मी म्हणतो तसंच.

रविवार, ७ डिसेंबर, सकाळ

दोघी आल्यात. गरम कपडे न्यायला. स्वराली गाण्याचा कागद घेऊन दारात उभी राहिली. हाक मारली नाही. माझ्या खांद्याला हात लावला.

नको म्हणायला हवं होतं. त्या खोलीत तिला नेऊ नये हे कळत होतं. पण तिचं गाणं मला हवंय. एकदाच हवंय.

दुपार

झालं. ती माइकसमोर गायली. मी ऐकलं नाही, बघितलं. पडद्यावर तिच्या आवाजाची रेघ उठत होती, पडत होती. बगळा उडतो तिथे ती उंच गेली. गळ्याची शीर ताणली होती. सुरात होती, रेघेवरून कळतं. संपल्यावर मी म्हटलं, शाब्बास बाळा. तिनं माझ्याकडे बघितलं. काही म्हणालात का, अशा नजरेनं.

मग रेश्मा आली. खांद्यावर हात ठेवून बरंच काही बोलली. शेवटी काहीतरी विचारलं, आणि मी मान डोलावली. गाणं चांगलं झालं का, असंच विचारलं असणार. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दोघी बाहेर गेल्या. मी हेडफोन घातले तसं स्वरालीनं सवयीप्रमाणे दार लावलं.

कॉम्प्युटरात एक खूण असते. ती केली की गाण्याऐवजी फक्त काढून टाकलेला आवाज ऐकू येतो. हे मला आधी का सुचलं नाही?

—

ऐकलं. सगळं तिथे आहे. होला, तात्यांचा खोकला, कुकर. रेश्मा, वेणी घट्ट का सैल. आणि स्वरालीचं गाणं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बगळा उडतो तिथे तर— मी रडलो. ढसाढसा रडलो.

त्याच्या शेवटी एक आवाज होता. शाब्बास बाळा.

तो माझा.

मी माझा नमुना कधीच घेतला नव्हता. मग घेतला कुणी? मी कुणाच्या गाण्यातला कचरा—

दार वाजवलं. मुठी लागल्या. आवाज नाही. कीबोर्डचा स्टँड हाणला. फळीला खोक पडली, आवाज नाही. ओरडलो, घसा फाटेस्तोवर. मला ऐकू आलं नाही. कुणालाच येणार नाही. कडी बाहेरून. मोबाइल बाहेर. खिडकी— मीच विटा लावल्या.

रेश्मानं काय विचारलं ते आता कळतंय. आम्ही कायमच्या जाऊ का. मी मान डोलावली.

संध्याकाळ असावी

फटीतली चादर ओढून काढली. उजेड दिसतोय. दोघींच्या चपला नाहीत. गेल्या.

श्वास जवळ आलाय. गोधड्यांच्या मागे नाही. खोलीतच. वैतागलाय. मी वैतागायचो तसा, कुणी मध्येच बोललं की.

पाय दिसतायत. तात्या. रेश्मानं किल्ली दिली असेल. दाराशी उभे आहेत. हाक मारत नाहीत. हाक मारू नये ना इथे. खांद्याला हात लावायला दार उघडावं लागतं, तात्या, दार—

वळतायत. पान फाडून फटीतून सरकवतो.

पेनाची खरखर होतेय. एवढा एकच आवाज उरला—

शूऽऽ

कानाशी म्हणालं. लवकर लिहितो

तात्या, कडी का