बेडकाचा अळू

१४ ऑक्टोबर

कापणी संपली. पाठ उरली नाही.

कुंपणातली दोनशे चाळीस रोपं उपटली. कंद प्रयोगशाळेत जायचे, शेंडे जाळायचे, एकही कुंपणाबाहेर रुजता कामा नये. अकरा वर्षं हेच! बेडकाच्या कातडीत एक इवलंसं प्रथिन असतं, ते रोगजंतू मारतं. ते बनवण्याची युक्ती आम्ही जुन्या गुलाबी अळूत घातली. करप्याने सव्वीस वर्षांपूर्वी अख्ख्या सामोआतून पुसला तोच अळू. गावाला यातलं एकच कळलं – बेडूक. या बेटावर बेडूक नाहीतच, तरी!

उएलेसेकाका, आमचे राखणदार, जाळापाशी म्हणाले, "लोसी, पाऊस पडला की हा ओरडणार का गं?"

हसत होते, पण शेंडे जाळात टाकताना हात अडखळत होता. इथे कंद खातात आणि शेंडा परत मातीत खोचतात. टाकून कोणी देत नाही.

तपासणीची दहा रोपं अख्खीच ठेवली. प्रयोगशाळेत वीज नव्हती, म्हणून पोतं घरी आणलं. ओसरीवर आहे. झोपते.

१५ ऑक्टोबर

सकाळी प्रयोगशाळेतल्या पोरांनी त्या दहांचेही शेंडे कापले, जाळाकडे पाठवले. कंद दोनशे चाळीस. शेंडे दोनशे एकोणचाळीस.

१६ ऑक्टोबर

नाही सापडला.

१९ ऑक्टोबर

राजधानीतून, अपियाहून, अधिकारी आले. शांतपणे बोलले. शेंडा कुठे गेला ते लिहून द्या, नाहीतर प्रयोगाचा परवाना बंद.

फाटकाची किल्ली दोघांकडेच, माझ्याकडे आणि काकांकडे. मी लिहिलं – 'राखणदाराने नेला असावा.'

काकांना विचारलं होतं. "मी नाही नेला, पोरी." मग थोड्या वेळाने, "पण लिही. तुझी अकरा वर्षं आहेत. मी काय, बाकावरच बसतो. इथे नाही तर घरी."

दुपारी त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. परवाना टिकला.

२ नोव्हेंबर

चर्चमध्ये काका समोरच्या रांगेत होते. मी मागच्या दाराने निघाले.

११ जानेवारी

अहवाल. अहवाल. अहवाल.

१ मार्च

तीन आठवडे पाऊस. आईने परसातून नारळ आणायला सांगितलं. केळींच्या आड एक अळू दिसला. देठ गुलाबी. पानावर करप्याचा एक डाग नाही!

नारळ तिथेच टाकले.

"आई, हा कुठला?"

"तुझ्या पोत्यातला. शेंडा कापून लावला, कंद परत ठेवला. माझ्या लग्नात हाच शिजला होता. मी ओळखणार नाही?"

"तो जाळायचा होता गं!"

"शेंडा कोणी जाळतं का? कॉलेजात काय शिकवलं तुला?"

म्हणजे अळू टिकतो. आणि काकांनी काही नेलं नव्हतं. दोन्ही एकाच क्षणी कळलं. आनंद कुठल्याचा करू?

२ मार्च

उपटला. आई बघायलाही आली नाही. बुंध्याला फुटलेली पिलं खुडल्याच्या खुणा होत्या, चार. विचारलं.

"मागितली तर नाही म्हणायचं का? तीन दिली शेजारी. आणि पहिलं उएलेसेला. न मागता दिलं. बिचाऱ्याची नोकरी गेली ना."

हिला कारण माहीत नाही. गावात काकांनी एवढंच सांगितलंय – म्हातारा झालो, सोडली.

३ मार्च

अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. शेंडा माझ्या घरून गेला, राखणदाराचा दोष नाही. चार घरांचीही नावं दिली. आता परवाना जाणार. सही केली. हात दुखतोय.

४ मार्च

पत्र टाकण्याआधी काकांना दाखवायला गेले. काका बाकावर होते. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली, परत दिलं. दाराशीच आईने दिलेला तो अळू उभा होता, गुलाबी देठाचा, बिनडागाचा.

मी अळूकडे पाहिलं. मग काका म्हणाले, "तीन आठवडे पाऊस पडला, लोसी. एकदाही ओरडला नाही."