अळणी वरण

औसा, मंगळवार, दिवेलागणीनंतर

आज ह्यांनी जेवणाचं ताट भिंतीवर फेकलं. ते उसळून सुमनच्या कपाळाला लागलं. लेकीला रक्त आलं!

कारण काय, तर वरण अळणी. ह्यांच्या छातीत कळ येऊन गेल्यापासून डॉक्टरांनी मीठ, तेल, तळण कमी करा म्हणून बजावलंय. पण लातूर नवा जिल्हा झाल्यापासून हे तिथल्या कचेरीत कामाला, तिथं रोज भजी. अन् घरी आले की माझ्यावर डाफरणं.

"अळणी खायला मी काय ढोर हाय का?" म्हणून त्यांनी लोणच्याची बरणी ओढली. मी ती हिसकावून उंबऱ्यावर आपटली. त्यांनी हात उगारला. मी मनगट घट्ट धरलं. बोटांखाली नाडी अशी पळत होती की माझाच जीव घाबरा झाला. इथंच पडले असते तर? तरी सोडलं नाही.

सुमन रक्त पुसत म्हणाली, "बाबा, लई घाम आलाय तुम्हाला. बसा."

ते मटकन बसले. सांडलेलं वरण धुवायला पाणी कुठंय? आड आटलेत, टँकर आला तर उद्या. लेकीच्या कपाळावर हळद दाबली अन् ह्यांना दुसरं ताट वाढलं. तीच भाकरी, तेच अळणी वरण. रडत रडत जेवले. दया आली का मला? न्हाई.

"परत हात उगारला तर सुमनला घेऊन माहेरी मुखेडला जाईन. मग कोण अळणी रांधतं ते बघा," मी म्हणाले.

खाली मान घालून म्हणाले, "हाव, न्हाई उगारणार."