मच्छरदाणीतल्या मिरच्या

प्रिय हर्षदीप,

जयभीम. फोनच केला असता, पण फोनवर तू विषाणूंची इंग्रजी नावं घ्यायला लागतोस आणि बाबा उठून अंगणात जातात. म्हणून लिहिते. इथे जैनथला ऊन मी म्हणतंय, शाळेला सुट्टी आहे, त्यामुळे मी घरीच आहे.

आईच्या परसातल्या मिरचीची पानं तू तपासायला हैदराबादला नेलीस, त्यांचा निकाल मी बाबांना माझ्या पद्धतीने सांगितला. एकेका झाडात दोन-दोन विषाणू आहेत. पानं चुरडणारा पांढऱ्या माशीने आणलेला, हिरवे-पिवळे डाग पाडणारा मावा नावाच्या किडीने. कापूस उपटला की शिवारात हिरवं फारसं उरत नाही. मग माशी उन्हाळा आपल्या परसात काढते आणि नवी रोपं उगवली की त्यांच्यावर जाते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रोग हाय तं मिरच्या काऊन लागून राह्यल्या?" थोड्या लागतात, वाकड्या लागतात, पण लागतात हे खरंच आहे.

तुझं म्हणणं चूक नव्हतं. पण "उपटून टाका" असं तू मागच्या वेळी आल्या आल्या, उभ्यानेच सांगितलंस. आई गेल्यापासून बाबा रोज भांडी धुतलेलं पाणी त्या झाडांना घालतात आणि घालताना तिच्याशी बोलतात. मलाही हे अलीकडेच कळलं. तुझा फार राग आला होता मला, आता नाही.

शेजारच्या अश्विनीने यंदा पहिल्यांदाच मिरचीचं रोप टाकलंय, अगदी आपल्या कुंपणाला लागून. तिचा सगळा हंगाम त्या वाफ्यावर आहे. हे कळल्यावर बाबांनी काय करावं? स्वतःची मच्छरदाणी सोडवून झाडांवर बांधली. आता रात्रभर डास मारतात आणि सकाळी अश्विनीला सांगतात, "भिऊ नको पोरी, म्या बंदोबस्त केला."

पांढरी माशी त्या जाळीतून आरामात बाहेर पडते, हे तुला सांगायला नको. त्यांना सांगायला माझी जीभ रेटत नाही. अश्विनीची रोपं आता वर आली आहेत. काल बाबा आपणहून म्हणाले, "हर्षदीप आला तं काढू. म्या एकट्यानं तुह्या आईच्या झाडाले हात नाई लावत." तुला बोलावणं त्यांच्याने होणार नाही, म्हणून मी बोलावते आहे. पत्र मिळेल त्या दिवशी निघ. निकालाचे कागद आणू नकोस. बाबा एका बाजूने झाड धरतील, तू दुसरीकडून धर.

तुझीच ताई,
वृषाली